आता आभाळ खाली येईल

बातमी आली तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. भूल देणाऱ्या डॉक्टरचा फोन बाहेर कपाटात पडलेला असतो. पेशंट शुद्धीवर येऊन स्वतःचं नाव सांगेपर्यंत जगात काय चाललंय ते आम्हाला कळत नाही. त्या सकाळी बाहेर येऊन कपाट उघडलं तर स्क्रीनवर एकाखाली एक राहात्याचे फोन. शैलावहिनीचा, तिच्या मुलाचा, पुन्हा वहिनीचा. काय झालंय ते मला तिथंच कळलं, तरी मी फोन लावला. पलीकडून वहिनी म्हणाली, "वन्सं, गेले ओ हे... चहा घेत हुते."

नगरच्या सावेडीतल्या घरी जाऊन साडी बदलली आणि गाडी काढली. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रखडत निघाले, तर वाटेत ओळखीच्यांचे फोन सुरू झाले. जो तो आधी एकच विचारायचा... "विमान पडलं का?" मी सांगायची, नाही, विमान नाही पडलं, आजारी होता, घरीच गेला, पलंगावर. दिलीपदादा पलंगावर जाईल हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. कितीतरी वर्षं एका उसाच्या रानाकडेला उभी राहून, मान वर करून, मी त्याच्या मरणाची वाट बघितली होती. ते आलं ते तिथून नाही आलं.

दिलीपदादा माझा मावसभाऊ. हवाईदलात वैमानिक होता, नव्या पोरांना उडायला शिकवायचा. निवृत्त झाल्यावर राहात्याच्या घरी परतला आणि लोकांना एका छोट्या विमानात बसवून आकाशात कोलांट्या दाखवू लागला. साधी चक्कर नव्हे. विमान नाक वर करून उभं चढायचं, पाठीवर उलटं व्हायचं आणि खाली येऊन वर्तुळ पुरं करायचं. ज्यांनी आयुष्यात कधी साध्या विमानातही पाय ठेवला नव्हता अशा माणसांनाही तो ही पहिली कोलांटी दाखवायचा. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांपैकी काहीजण त्याच्या शेजारच्या त्या सीटवर बसलेही असतील.

तो लहानपणापासून धाडसी होता असं अंत्यविधीला आलेल्या एकदोघांनी भाषणात सांगितलं. ते खरं नाही. मावशीचं घर पेरूच्या बागेत होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथं गोळा व्हायचो. बागेतल्या विहिरीत बाकीची पोरं काठावरून धपाधप उड्या घ्यायची, आणि दादा पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून पायऱ्यांवर उभा. रोज उतरायचा, पाण्याला पाय लावायचा आणि परत वर यायचा. एक दिवस तो असाच काठावर वाकून बघत असताना त्याच्या चुलत्यांनी, आप्पांनी, मागून येऊन त्याला ढकललं. तो खाली गेला, डब्यामुळे वर आला, नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत राहिला आणि हात मारत पायरीपाशी पोचला. "बघ, आलं का न्हाई पवायला!" असं म्हणत आप्पा हसले, सगळेच हसले. पोहायला तो त्याच आठवड्यात शिकला. पण ती सुट्टी संपेपर्यंत तो आप्पांशी बोलला नाही. खूप वर्षांनी त्याने मला सांगितलं होतं, "पान्याची एवढी न्हाई वाटली नंदे. मागनं हात आला ना, त्याची भीती वाटली. ती अजून वाटती. सांगून ढकललं असतं तर मी बी मारली असती उडी."

असा मुलगा हवाईदलात गेला आणि आम्हा सगळ्यांना नवल वाटलं. तिथल्या गोष्टी तो फारशा सांगत नसे. सुट्टीवर आला की बागेत पाणी धरायचा, मावशीच्या हातचं पिठलं-भाकरी खायचा. त्याच्या बरोबरीचा एक मित्र प्रशिक्षणातच गेला होता. त्याचं नाव बोलण्यात निघालं की दादा हातातला पेला ठेवून उठायचा आणि पेरूच्या झाडांकडे जायचा. एवढंच मला ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर त्याने दोन जुन्या मित्रांच्या भागीदारीत ते विमान घेतलं. दोन माणसांनी शेजारी शेजारी बसायचं, पत्र्याच्या डब्यासारखं दार असलेलं, पांढरं. दिल्लीच्या चकरा, परवानग्या, तपासण्या यात बराच काळ गेला. कोपरगावच्या अलीकडे उसाच्या पट्ट्यात एक जुनी खासगी धावपट्टी होती, तिथं पत्र्याची एक शेड उभी राहिली. शिर्डीला येणाऱ्या मोठ्या विमानांच्या वेळा टाळून, तिथल्या विमानतळाच्या परवानगीने, हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी धुकं विरलं की उड्डाणं व्हायची. आधी शेळ्या हाकलाव्या लागायच्या.

वर जाणाऱ्या प्रत्येकाची प्रकृती आधी डॉक्टरने बघावी, असा त्याचा हट्ट होता. म्हणून तो मला घेऊन गेला. म्हणाला, "तुझं काम मानसं झोपवायचं, माझं जागी ठेवायचं. दोगांनाबी घाबरलेलीच मानसं भेटत्यात." मी शेडमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रक्तदाब घ्यायची, नाडी बघायची, छातीचे ठोके ऐकायची. मला स्वतःला साध्या लिफ्टमध्येही घाम फुटतो. विमान धावपट्टी सोडायचं तेव्हा मी खुर्चीतून उठायची ती ते परत टेकेपर्यंत बसायची नाही. एखादं ऑपरेशन अवघड असलं तरी मला एवढी भीती वाटत नाही. तिथं निदान माझ्या हातात काहीतरी असतं. इथं मी नुसती उभी. वरून इंजिनाचा आवाज बारीक-मोठा होत राहायचा आणि प्रत्येक वेळी तो बारीक झाला की मला वाटायचं... आता.

दादाची रीत ठरलेली होती. माणसाला शेडमध्ये समोर बसवून तो हाताच्या पंजाचं विमान करायचा आणि पुढं काय काय होणार ते एकेक करून सांगायचा. आता नाक खाली जाईल, वेग वाढेल, भिऊ नका, मीच करतोय. आता तुमचं अंग जड होईल, गाल खाली ओढले जातील, पोट घट्ट धरा. आता समोरची जमीन जाईल. आता आभाळ खाली येईल, घाबरू नका, ते परत वर जातं. हेच सगळं वर गेल्यावर तो पुन्हा एकदा, प्रत्येक हालचालीच्या आधी सांगायचा. न सांगता त्याने कुणाला कधी तिरकंसुद्धा केलं नाही.

कोपरगावच्या निवृत्त शिक्षिका लोखंडेबाई मला चांगल्या आठवतात. मुलीने त्यांना साठाव्या वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलं होतं. मी मनगट धरलं तर हात गार पडलेला. "डॉक्टर, मला फार भीती वाटतेय," त्या म्हणाल्या, "इथून घरी गेले तर चालेल का हो?" मी म्हटलं, अगदी चालेल. तेवढ्यात दादा पुढे आला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "बाई, तुमी भ्यायलाय म्हंजे तुमी माझं सगळं ऐकनार. तुमच्याइतका चांगला प्रवासी मला महिन्यात भेटला न्हाई. पर जायचं म्हनाल तर मी सोता गाडीनं सोडून येतो." बाई वर गेल्या. उतरल्यावर पाणी मागितलं, पदराने तोंड पुसलं आणि बराच वेळ धावपट्टीच्या कडेच्या गवतावर बसून राहिल्या. "गोदावरी डोक्यावर होती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही.

भीती वाटत नाही असं म्हणणाऱ्याला मात्र तो नेत नसे. काहीतरी कारण काढायचा... हवा बरी नाही, इंजिन तापलंय. हा नियम त्याने माझ्या माहितीत एकदाच मोडला.

संपतरावांचं कोपरगावला ट्रॅक्टरचं शोरूम आहे. धिप्पाड माणूस, तरुणपणी तालमीत गेलेला, मनाने चांगला. यापूर्वी दोनदा दादाने त्यांना हवेचं कारण सांगून परत पाठवलं होतं. त्या रविवारी ते चारपाच मित्रांना घेऊन आले, मोबाईलवर चित्रण सुरू, हशा चाललेला. मी रक्तदाब घेतला, ठीक होता. पण नाडी धावत होती. "भीती वाटतेय का?" मी विचारलं. "आपल्याला कसली भीती, डॉक्टर! बैल अंगावर आला तरी आपन हललो न्हाई कधी." मित्र हसले. मी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की नाडी एक म्हणतेय आणि तोंड दुसरं. दादाने आभाळाकडे बघितलं. हवा अगदी स्वच्छ होती, कारण काढायलाही जागा नव्हती. "तिसऱ्यांदा आलाय गं," तो म्हणाला, "मित्रांसमोर परत पाठवला तर मानसाला लागंल." आणि तो त्यांना घेऊन गेला.

पहिली कोलांटी झाली. खालून बघताना ती नेहमीसारखीच दिसली. दुसऱ्या वेळी विमान वर चढलं, अगदी टोकाला गेलं आणि तिथं थांबल्यासारखं वाटलं. मग ते सरळ पुढे न येता एका बाजूला कलंडलं आणि स्वतःभोवती गरगर फिरत खाली यायला लागलं. संपतरावांच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. मला ठाऊक होतं की दादा असलं काही प्रवाशाला घेऊन कधी करत नाही. मग इंजिनाचा आवाज एकदम पडला. ती शांतता मी अजून विसरलेले नाही. टाळ्या थांबल्या. रानातून कुणीतरी ओरडलं. पांढरे पंख फिरत फिरत मोठे होत गेले आणि बाभळींच्या ओळीमागे, उसाकडे, दिसेनासे झाले. माझ्या हातात रक्तदाबाचा पट्टा होता. मी तो पिळत उभी राहिले. मला वाटतं मी काही विचारच करत नव्हते, फक्त आवाजाची वाट बघत होते. आदळण्याच्या.

आला तो इंजिनाचा आवाज. बाभळींच्या पलीकडून विमान वर आलं, इतक्या खालून की उसाचे तुरे वाऱ्याने झोपलेले आम्हाला दिसले. एक मोठा वळसा घेऊन ते उतरलं, धावत येऊन शेडसमोर थांबलं. मी पळाले. दार उघडलं तर संपतराव दोन्ही हात वर करून बसलेले, तळवे छताला घट्ट लावलेले, डोळे मिटलेले. विमान थांबलंय हे त्यांना पटत नव्हतं. मी त्यांचा एकेक हात धरून हळूहळू खाली घेतला. मित्रांपैकी कुणी मोबाईल वर केला नाही.

दादा शेडच्या मागे गेला होता. मी गेले तर तो पत्र्याला पाठ लावून जमिनीवर बसलेला. मग तुकड्यातुकड्याने त्याने सांगितलं. टोकाला पोचल्यावर संपतरावांनी त्यांच्या पुढ्यातलं हँडल पकडलं. त्या विमानात ते दोघांच्याही समोर असतं आणि एकाने ओढलं की दुसऱ्याचंही ओढलं जातं. ते त्यांनी छातीशी कवटाळलं, पाय विमान वळवणाऱ्या पायपट्टीवर रोवले. विमान गरगरू लागलं. दादाने इंजिन बंद केल्यासारखं कमी केलं, कारण गिरकीतून सुटायला तेच करायचं असतं. पण सुटायला हँडल पुढे ढकलावं लागतं आणि पैलवानाच्या मिठीतून ते सुटेना. "सोडा म्हनून वराडलो. दोनदा वराडलो. कोपर मारलं. त्याला ऐकूच जात न्हवतं गं. बुडनाऱ्याला सोड म्हनलं तर तो सोडतो का? मग म्हनलं... संपतराव, छत पडतंय! छत धरा!" आणि संपतरावांनी दोन्ही हात हँडलवरून काढून वर लावले.

हे सांगताना त्याला हसू यायला हवं होतं. मला आलं असतं. तो हसला नाही. "खोटं बोलावं लागलं," म्हणाला, आणि तोंड वळवून ओकला.

झाला प्रकार त्याने स्वतःहून विमान खात्याला कळवला. चौकशी झाली आणि त्याच्यावर ठपका आला नाही. पण त्याने उडणं थांबवलं. पुढचे कितीतरी महिने रविवारी तो धावपट्टीवर जायचा, विमानाच्या काचा पुसायचा, आत बसायचा आणि घरी परत यायचा. वहिनी फोनवर सांगायची, "जेवत न्हाईत नीट. इचारलं तर म्हंत्यात काय न्हाई." मग दिवाळीनंतर एकदा त्याचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाला, "नंदे, एक मानूस पायजे शेजारी. अनोळखी न्हाई चालायचं... येशील?"

मी हो कशी म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. इतकी वर्षं तो मागे लागायचा आणि मी हात जोडायची. त्या दिवशी खांद्यांवरून आणि मांड्यांवरून पट्टे आवळले गेले. दार लावलं तर बिस्किटाच्या डब्याचं झाकण लागावं तसा आवाज झाला. पेट्रोलचा वास. धावपट्टी खडखडत मागे गेली आणि मग खडखड थांबली, म्हणजे आम्ही वर होतो. मी खिडकीतून बघितलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले.

वर जाऊन त्याने विमान सरळ केलं आणि ते तसंच चालवत राहिला. राहात्याच्या बाजूला गेला, वळला, गोदावरीवर आला, पुन्हा वळला. कोलांटी काही घेईना. माझी नजर सवयीने त्याच्या मानेवर गेली. तिथली शीर इतक्या जोरात उडत होती की मला ती न शोधता दिसत होती. "हवा बरी न्हाई आज," तो शेवटी म्हणाला. हवा काचेसारखी स्थिर होती. मला कळलं. परत जाऊ या, असं त्याने म्हणावं म्हणून माझं सबंध शरीर तडफडत होतं. एक शब्द बोलले असते तर आम्ही उतरलो असतो, आणि तो पुन्हा कधी वर आला नसता. माझ्याच तोंडून मी ऐकलं, "दादा, आता पुढं काय होणार ते सांग मला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता..." म्हणाला आणि थांबला. "आता नाक खाली जाईल." नाक खाली गेलं. "वेग वाढंल. मीच करतोय. पोट घट्ट धर." आवाज चढत गेला, पंखांवरून वारा किंचाळायला लागला आणि कुणीतरी मला खुर्चीत दाबून गाडतंय असं झालं. हनुवटी छातीला टेकली. मांडीवरचा हात उचलावा म्हटलं तर उचलेना. समोरचं रान खाली सरकलं आणि नुसतं निळं उरलं. "आता आभाळ खाली येईल," त्याचा आवाज आला, आणि ते आलं. जमीन डोक्यावरून आली. उसाचं रान, एका वस्तीवरचा चमकणारा पत्रा, रस्त्यावर उलटी लटकलेली ट्रॉली, आणि विमानाच्या तळातली धूळ हळूच उठून माझ्या डोळ्यांसमोरून वर, म्हणजे खाली, तरंगत गेली. सगळं वजन गेलं होतं. लोक म्हणतात त्या क्षणी आनंद होतो. मला झाला नाही. मला वाटलं, मी आत्ता मरतेय आणि हे मला कळतंय. मग पुन्हा ते दडपण आलं, क्षितिज आपल्या जागी येऊन बसलं, आणि शेजारी दादाने इतका लांब श्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

"झालं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "अजून एक?"

"न्हाई," मी त्याच्याच बोलीत ओरडले, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. उतरल्यावर बाभळीखाली मी ओकत होते आणि तो माझे केस मागे धरून उभा होता. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा प्रवासी घ्यायला सुरुवात केली. छताला आतून दोन जाड पट्टे बसवून घेतले आणि प्रत्येकाला सांगू लागला, "भीती वाटली की हे धरायचं. दुसरं कायबी न्हाई." मी पुन्हा कधी वर गेले नाही. खाली उभी राहून मात्र पूर्वीइतकीच भ्यायची.

दोन वर्षांपूर्वीपासून त्याचं पोट दुखायचं. तो ओवा खायचा आणि कुणाला सांगायचा नाही. माझ्याकडे आला तोवर उशीर झाला होता. ऑपरेशन नगरलाच झालं. जवळच्या माणसाला मी स्वतः भूल देत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने दिली, मी उशाशी उभी होते. आत नेण्याआधी दादाने माझं मनगट पकडलं. "काय निघंल ते मला सांगू नको नंदे. शैलाला सांग, पोराला सांग. मला न्हाई."

मी म्हटलं, "सांगून ढकलावं म्हणायचास ना?"

"ते उडी मारायची आसती तवा," तो म्हणाला. "हितं कुटं उडी मारायचीय."

मी त्याला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणून ते कितपत बरोबर, ते मला माहीत नाही. पुढचे काही महिने आम्ही ऊस, पाऊस, पोराची नोकरी, पेरूवरची कीड, सगळ्यावर बोलायचो. त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. शेवटचं भेटले ती दुपार होती. खिडकीबाहेर पोपट पेरूंवर तुटून पडले होते आणि त्यांना हाकलायला कुणी जात नव्हतं. तो फार वाळला होता. मी उशी सारखी केली आणि न राहवून विचारलं, "भीती वाटते का रे?"

"व्हय," तो म्हणाला. "लई."

आयुष्यभर मी घाबरलेल्या माणसांच्या उशाशी उभी राहिले, त्यांना धीर देणारी पाचपंचवीस वाक्यं माझ्याकडे कायम तयार असतात. ती बाजूला ठेवली. मी खुर्ची ओढून बसले. तो डोळे मिटून पडून राहिला आणि मधूनमधून डोळे उघडून मी आहे का ते बघत राहिला. मी होते. ऊन उतरल्यावर त्याला झोप लागली आणि मी निघाले.

अंत्यविधीला राहात्यापासून कोपरगावपर्यंतची माणसं आली होती. लोखंडेबाई मुलीच्या आधाराने आल्या होत्या. भाषणं संपून लोक पांगायला लागले तेव्हा संपतराव माझ्याजवळ आले. केस पांढरे झालेत. त्या दिवसानंतर दर दिवाळीला ते दादाच्या घरी फराळ घेऊन येत, दहा मिनिटं बसत आणि जात, असं वहिनी सांगायची. हात जोडून ते म्हणाले, "डॉक्टर, बायको म्हंती, मी अजून झोपंत दोनी हात वर लावून पडतो. छत धरून. तिनं खाली घेतलं तरी परत वर जात्यात." मी त्यांचे जोडलेले हात धरले. ते गार होते.

तेराव्यानंतर मी राहात्याला चार दिवस राहिले. पहाटे जाग यायची ती वहिनीच्या बादलीच्या आवाजाने. मोठेपणी मी त्या घरात फारशी राहिले नसल्याने दादाची एक सवय मला ठाऊक नव्हती, ती वहिनीच्या सुनेने सांगितली. रोज सकाळी न्हाणीतून तो ओरडून विचारायचा, "शैला, वारा कुठनं हाय गं?" वहिनी अंगणातल्या तारेवरचे कपडे कुठं फडकतायत ते बघायची आणि तशीच ओरडून सांगायची. उडायचं असो नसो, पाऊस असो, अगदी अंथरुणाला खिळल्यावर खिडकीतूनही. विमान आता भागीदार विकणार आहेत.

मी निघायच्या दिवशी ऊन नुकतं अंगणात आलं होतं. मी चहाचा कप घेऊन दारात उभी. वहिनीने बादलीतून पातळ काढलं, पिळलं, झटकून तारेवर टाकलं. ते फुगलं आणि एका बाजूला झुललं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खिडकीकडे तोंड करून, नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली, "उगवतीकडनं हाय वो... हळू हाय."

खिडकीच्या आत नुसता रिकामा पलंग होता. वहिनीने खाली वाकून बादलीतला पुढचा कपडा घेतला आणि पिळायला लागली.